ड्रायव्हर दोन ठिकाणी राहतो

लॅपटॉप वापरलेला होता, पण रखडत चालावा इतका जुना नव्हता. आत इंटेलचा प्रोसेसर, त्या प्रोसेसरमध्येच असलेली इंटेलची ग्राफिक्स चिप आणि शिवाय एनव्हिडियाचं ट्युरिंग पिढीतलं स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड. लिनक्सचं डेबियन १२ आधीपासूनच बसवलेलं. मला त्यावर ब्लेंडर या त्रिमिती चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये काम करायचं होतं. प्रत्यक्षात एखादी विंडो इकडून तिकडे ओढली तरी ती अडखळत यायची, पंखा सतत घोंघावायचा आणि साधा व्हिडिओ लावला की प्रोसेसरचे सगळे कोअर शंभर टक्क्यांवर जाऊन बसायचे.

असं झालं की ‘ड्रायव्हर टाकायला हवा’ हाच विचार आधी येतो. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला कार्डाशी बोलता यावं म्हणून लागणारा प्रोग्रॅम. शोधायला गेलं तर सल्लेही तसेच मिळतात: ही कमांड चिकटव, ती चिकटव, रीस्टार्ट कर. त्यातला निम्मा सल्ला दुसऱ्याच कुठल्या डिस्ट्रोचा, म्हणजे लिनक्सच्या वाणाचा, आणि दुसऱ्याच कुठल्या वर्षाचा असतो. काही टाकण्याआधी मला एवढंच बघायचं होतं की आत्ता पडद्यावर जे दिसतंय ते काढतंय कोण. काहीतरी दिसतंय म्हणजे कोणीतरी ते काढतंयच.

त्यासाठी ‘मेसा-युटिल्स’ पॅकेजमधली ‘जीएलएक्सइन्फो’ ही कमांड पुरते. तिला ‘बी’ हा पर्याय दिला की पानभर मजकुराऐवजी थोडक्या ओळी येतात आणि त्यात रेंडररचं, म्हणजे चित्र काढणाऱ्याचं, नाव असतं. माझ्याकडे तिथे ना इंटेल होतं, ना एनव्हिडिया. होतं ‘एलएलव्हीएमपाइप’. हा मेसाचा, म्हणजे लिनक्सवरच्या मुक्त ग्राफिक्स लायब्रऱ्यांचा, सॉफ्टवेअर रेंडरर. ग्राफिक्स चिप हाताशी नसेल तेव्हा तो सगळं चित्र प्रोसेसरकडून काढून घेतो. पंख्याचं घोंघावणं तिथेच उलगडलं.

पण या एका ओळीत त्याहून मोठी गोष्ट होती. एनव्हिडियाचा ड्रायव्हर नाही, हे एवढंच कारण असतं तर रेंडररच्या ओळीत इंटेलचं नाव यायला हवं होतं. इंटेलच्या चिपसाठी वेगळं काही टाकावं लागत नाही. आय९१५ हा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच, असतो आणि वरचा भाग मेसामध्ये. म्हणजे दोन्ही चिपा झोपल्या होत्या. एकाच वेळी दोघींना झोपवणारं काहीतरी एकच असणार. मग आणखी दोन गोष्टी जुळल्या: स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करायच्या कळा मेलेल्या होत्या आणि बाहेरचा मॉनिटर जोडला तर ओळखतच नव्हता.

कर्नल कोणत्या पर्यायांनिशी सुरू झालं आहे ते ‘प्रॉक’ फोल्डरमधल्या ‘सीएमडीलाइन’ नावाच्या फाइलीत वाचायला मिळतं. ती उघडली. शेवटचा शब्द ‘नोमोडसेट’.

स्क्रीनचं रिझोल्युशन ठरवणं, चिपवर ताबा मिळवणं ही कामं आता कर्नलमधले ग्राफिक्स ड्रायव्हर करतात. त्याला कर्नल मोड सेटिंग म्हणतात. ‘नोमोडसेट’ लिहिलं की हे सगळे ड्रायव्हर बाजूला राहतात आणि फर्मवेअरने, म्हणजे यंत्रातच भरलेल्या मूळ प्रोग्रॅमने, चालू करून दिलेल्या साध्या फ्रेमबफरवर (पडद्यावरचं चित्र ठेवायच्या मेमरीवर) सगळं चालतं. यंत्र सुरूच होत नसेल तेव्हा हा पर्याय देवासारखा धावून येतो. पण तो एखाद्या बूटपुरताच वापरायचा असतो. कायमचा ठेवायचा नसतो.

ज्या मित्राकडून लॅपटॉप घेतला त्याला फोन केला.

“ते नोमोडसेट तू टाकलंयस का?”

“अरे, ते काढू नकोस हां. ते लावल्याशिवाय सुरूच व्हायचा नाही तो.”

“आणि मग कार्ड कसं वापरायचास?”

“कार्ड कुठे वापरायचो? मी टायपिंग करायचो.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. यंत्र चालू करताना कर्नल सुरू करून देणाऱ्या ग्रबचा मेन्यू आला की ‘ई’ दाबून बूटची नोंद तात्पुरती बदलता येते. तिथे केलेला बदल कुठेही साठत नाही, तेवढ्या बूटपुरताच असतो. त्यामुळे प्रयोगांसाठी ही जागा उत्तम. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतून मी ‘नोमोडसेट’ काढलं, सोबत ‘क्वाएट’ही काढलं म्हणजे संदेश दिसतील, आणि कंट्रोल-एक्स दाबून बूट केलं. ओळी सरसर वर गेल्या आणि अचानक सगळं गोठलं. शेवटच्या ओळींमध्ये ‘नुव्हो’चं नाव होतं.

नुव्हो हा एनव्हिडिया कार्डांसाठीचा मुक्त ड्रायव्हर. कंपनीची माहितीपत्रकं हाताशी नसताना स्वयंसेवकांनी चिप कशी वागते ते उलट दिशेने शोधत तो लिहिला आणि २०१० मध्ये तो २.६.३३ या आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्ये आला. हे काम किती अवघड असेल याचा अंदाज कोणाही प्रोग्रॅमरला येईल. पुढे मॅक्सवेल पिढीच्या दुसऱ्या टप्प्यापासून कार्डातल्या फर्मवेअरवर कंपनीची डिजिटल सही असणं बंधनकारक झालं आणि कार्डाचा वेग वर नेण्याची वाटच नुव्होला बंद झाली. त्यामुळे नुव्हो मंद आहे असं नुसतं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. माझ्या बाबतीत प्रश्न मंदपणाचा नव्हताच. या लॅपटॉपच्या फर्मवेअरशी त्याचं जमत नव्हतं आणि तो कार्डाला जागं करायला गेला की यंत्र अडकत होतं.

म्हणजे मित्राने योग्य जागी, पण फार रुंद उपाय केला होता. एकट्या नुव्होला थांबवायचं होतं, त्याच्या नादात इंटेललाही घरी बसवलं होतं. पुढच्या बूटला मी ‘नोमोडसेट’च्या जागी नुव्होपुरताच मोडसेट शून्य करणारा पर्याय लिहिला. डेस्कटॉप आला. उजेडाच्या कळा चालू. जीएलएक्सइन्फोमध्ये इंटेलचं नाव. पंखा शांत. एकही ड्रायव्हर न टाकता निम्मं दुखणं गेलं. मग हाच बदल ग्रबच्या मुख्य सेटिंगच्या फाइलीत लिहिला आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवलं.

आता खरं कार्ड. आधी त्याची ओळख पटवून घेतली. ‘एलएसपीसीआय’ला ‘एनएन’ आणि ‘के’ हे पर्याय दिले की प्रत्येक उपकरणापुढे उत्पादकाचा आणि उपकरणाचा क्रमांक येतो, आणि त्याखाली कोणतं कर्नल मॉड्युल ते उपकरण चालवतंय ते येतं. एनव्हिडियाचा क्रमांक १०डीई, एएमडीच्या ग्राफिक्स कार्डांचा १००२, आणि इंटेलचा ८०८६. १९७८ साली आलेल्या आपल्या प्रोसेसरचं नाव इंटेलने उत्पादक क्रमांक म्हणून लावून घेतलंय. ही गंमत मला दर वेळी नव्याने दिसते.

कार्डाची पिढी कळणं महत्त्वाचं, कारण एकच ड्रायव्हर सगळ्या कार्डांना चालत नाही. एनव्हिडियाची जुनी फर्मी पिढी ड्रायव्हरच्या ३९० या शाखेवर थांबते, केप्लर ४७० वर. जुन्या कार्डावर नवी शाखा टाकली तर कार्ड तिला ओळखीचंच नसतं. डेबियनमध्ये ‘एनव्हिडिया-डिटेक्ट’ नावाचं छोटं पॅकेज आहे, ते कार्ड बघून कोणतं पॅकेज टाकायचं ते सांगतं. ट्युरिंगला डेबियन १२ ची नेहमीची ५३५ शाखा चालणार होती.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं. आपण ‘ड्रायव्हर’ असं एकवचनात म्हणतो, पण ती एक वस्तू नाही. एक भाग कर्नलच्या आत राहतो: मॉड्युल. तो कार्डाशी प्रत्यक्ष बोलतो. दुसरा भाग कर्नलच्या बाहेर, नेहमीच्या लायब्रऱ्यांच्या रूपात: चित्रांसाठी ओपनजीएल आणि व्हल्कन, गणितासाठी कुडा वगैरे. ब्लेंडर या दुसऱ्या भागाशी बोलतो, हा दुसरा भाग मॉड्युलशी बोलतो. दोघांची आवृत्ती अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत सारखी असावी लागते. आणि मॉड्युल ज्या कर्नलमध्ये जाणार त्याच कर्नलसाठी बांधलेलं असावं लागतं. मे २०२२ मध्ये कंपनीने मॉड्युलचा सोर्स कोड खुला केला तो यातल्या फक्त पहिल्या भागाचा, आणि तोही ट्युरिंग व त्यानंतरच्या कार्डांसाठी. लायब्रऱ्या बंदच आहेत. ड्रायव्हर बसत नाही असं कोणी म्हणालं की मी हल्ली आधी विचारतो, यातला कोणता भाग?

डेबियनमध्ये हा ड्रायव्हर मुख्य विभागात नसतो, त्यामुळे पॅकेजं कुठून घ्यायची त्या सोर्सेसच्या यादीत ‘कॉन्ट्रिब’ आणि ‘नॉन-फ्री’ जोडावे लागतात. डेबियन १२ पासून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा विभाग वेगळा निघाला आहे. तो चालू असला म्हणजे नॉन-फ्रीही चालू असेलच असं नाही. यादी ताजी केली, ‘एनव्हिडिया-ड्रायव्हर’ पॅकेज मागितलं. बराच वेळ मजकूर सरकत राहिला आणि शेवटी कुठलीही लाल अक्षरं न दाखवता कमांड संपली.

रीस्टार्ट केल्यावर ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड चालवली. उत्तर आलं की एनव्हिडियाच्या ड्रायव्हरशी संपर्क होऊ शकला नाही, ड्रायव्हर बसवून चालू असल्याची खात्री करा.

हा संदेश जगभरातल्या लोकांनी शोधून शोधून झिजवलाय, पण तो फार काही सांगत नाही. मॉड्युल कर्नलमध्ये नाही, एवढंच त्याचं म्हणणं. का नाही, ते त्याला माहीत नसतं. ते विचारायचं तर मॉड्युल हाताने चढवून बघायचं. ‘मोडप्रोब एनव्हिडिया’ दिलं, तर असं मॉड्युलच सापडत नाही म्हणालं. म्हणजे पॅकेज बसलं, लायब्रऱ्या बसल्या, पण मॉड्युल तयारच झालेलं नाही.

मॉड्युल तयार करण्याचं काम डीकेएमएस करतं. लिनक्स कर्नलचा आतला इंटरफेस मुद्दामच स्थिर ठेवलेला नाही. ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी त्यामागची कारणं कर्नलच्या सोर्सबरोबरच लिहून ठेवली आहेत. कर्नलच्या आत असलेल्या ड्रायव्हरांना त्याचा त्रास होत नाही, कारण आतलं काही बदललं की बदलणाराच तेही दुरुस्त करतो. बाहेरून येणाऱ्याला मात्र प्रत्येक कर्नलसाठी नव्याने कंपाइल व्हावं, म्हणजे सोर्स कोडपासून बांधून घ्यावं, लागतं. हे दर वेळी माणसाने करत बसू नये म्हणून डेलमधल्या इंजिनिअरांनी २००३ मध्ये डीकेएमएस बनवलं. कंपाइल करायला त्या त्या कर्नलच्या हेडर फाइली, म्हणजे आतल्या फंक्शनांची वर्णनं, लागतात. त्या नसल्या तर डीकेएमएस भांडत नाही. हेडर सापडले नाहीत, बांधणी वगळली, असं एका ओळीत पुटपुटून पुढे जातं. वर सरकून गेलेल्या मजकुरात ती ओळ होती.

हेडर टाकण्याआधी ‘युनेम’ला ‘आर’ देऊन चालू कर्नलची आवृत्ती बघितली आणि चक्रावलो. डेबियन १२ चं स्वतःचं कर्नल ६.१ मालिकेतलं. इथे बॅकपोर्ट्समधलं (स्थिर आवृत्तीसाठी पुढच्या आवृत्तीतून आणलेल्या पॅकेजांमधलं), त्याहून बरंच नवं कर्नल चालू होतं. त्याच्या नावाचे हेडर टाकले. डीकेएमएसने लगेच बांधणी सुरू केली आणि मध्येच मोडली.

बांधणी मोडली की ‘मेक-लॉग’ नावाच्या फाइलीकडे बोट दाखवलं जातं. ती हजारो ओळींची असते आणि माणूस साहजिकच तळाशी जातो. तळाशी काही नसतं. ‘एरर २’, थांबलो, असंच काहीतरी. शर्टाचं पहिलं बटण चुकीच्या काजात गेलं की शेवटी उरलेल्या बटणाकडे बघून काय कळणार? वरून शोधत यायचं आणि ‘एरर’ हा शब्द जिथे पहिल्यांदा भेटतो तिथे थांबायचं. माझ्याकडे तिथे एका फंक्शनला दिलेले आर्ग्युमेंट जुळत नाहीत अशी तक्रार होती. कर्नलने ते फंक्शन बदललं होतं, ड्रायव्हर जुन्या पद्धतीने हाक मारत होता. कोणाचंच काही बिघडलेलं नव्हतं. ५३५ च्या त्या आवृत्तीला एवढं नवं कर्नल ठाऊकच नव्हतं.

दोन रस्ते होते. ड्रायव्हर नव्या कर्नलच्या वयाचा आणायचा, किंवा कर्नल ड्रायव्हरच्या वयाचं घ्यायचं. पहिला रस्ता दिसायला पुढारलेला. पण ज्या यंत्रावर काम करायचंय त्यावर कर्नल आणि ड्रायव्हर दोन्ही पळते ठेवण्यात मला रस नव्हता. डेबियनची स्थिर आवृत्ती घ्यायची आणि मग तिचे पाय एकेक करून काढून नवे लावायचे, हा उद्योग मला कधीच समजला नाही. प्रश्न एवढाच की नवं कर्नल टाकलं कशासाठी होतं. पुन्हा फोन. एका यूएसबी वाय-फायसाठी टाकलेलं, आणि तो वाय-फाय मित्राकडेच राहिलेला.

ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ६.१ होतंच. त्यावर बूट केलं, लॅपटॉपचा मूळ वाय-फाय, ब्लूटूथ, आवाज तपासला, सगळं ठीक. त्याचे हेडर टाकताना या वेळी विशिष्ट आवृत्तीऐवजी ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ हे छत्रीसारखं पॅकेज टाकलं, म्हणजे पुढे कर्नल बदललं की त्याचे हेडर सोबत येतील. नावात एएमडी असलं तरी ६४ बिटच्या इंटेललाही तेच लागतं. नवख्या माणसाने इथे बिचकू नये. बॅकपोर्ट्सचं कर्नल काढून टाकलं. डीकेएमएसने बांधणी पूर्ण केली. ‘डीकेएमएस स्टेटस’मध्ये ६.१ च्या पुढे ‘इन्स्टॉल्ड’.

आणि एनव्हिडिया-एसएमआय? पुन्हा तोच संदेश, शब्दन् शब्द तोच.

म्हणूनच तो संदेश फार काही सांगत नाही असं वर म्हटलं. कारण पूर्ण बदललं होतं, संदेश नव्हता. या वेळी ‘मोडप्रोब’ म्हणालं: ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’. मॉड्युल आहे, सापडलंय, पण कर्नल त्याला दारातून आत घेत नाही. हे सिक्युअर बूटचं काम. ‘मोकयुटिल’ला विचारलं, सिक्युअर बूट चालू.

सिक्युअर बूट चालू असताना कर्नल फक्त ओळखीच्या किल्लीने सही केलेलीच मॉड्युलं घेतं. डेबियनच्या कर्नलसोबत येणाऱ्या मॉड्युलांवर डेबियनची सही असते. माझं मॉड्युल माझ्याच यंत्रावर नुकतंच जन्मलेलं, त्यावर डेबियन कशी सही करणार? डीकेएमएस स्वतःची किल्ली तयार करून सही करतं, पण ती किल्ली यंत्राच्या ओळखीची नसते.

इथे सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे सिक्युअर बूट बंदच करून टाका. चालतं, पण मला तो आळस वाटतो. शिवाय शेजारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम असेल आणि तिची डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल, तर हे बटण फिरवल्यावर ती रिकव्हरी की मागत बसू शकते. किल्लीची नोंद करणं त्याहून फार अवघड नाही. ‘मोकयुटिल’ला ‘इम्पोर्ट’ सांगून डीकेएमएसच्या फोल्डरमधली ‘मोक-पब’ ही फाइल द्यायची. मोक म्हणजे यंत्राच्या मालकाची किल्ली. तो एक पासवर्ड ठरवायला सांगतो. हा पासवर्ड तुमच्या लॉगिनचा नाही, कुठला जुनाही नाही. पुढच्या बूटला एकदाच विचारला जाणार, म्हणजे हा बदल यंत्रासमोर बसलेल्या माणसानेच मागितलाय याची खातरजमा होते.

रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो. कोणतीही कळ दाबा, असं म्हणत दहा सेकंद उलटे मोजतो. तेवढ्यात चहाचा कप ठेवायला वळलात तर तो निघून जातो, बूट नेहमीसारखं होतं आणि किल्लीची नोंद राहून जाते. मग इम्पोर्ट पहिल्यापासून. मी नजर रोखूनच बसलो होतो. ‘एनरोल मोक’ निवडायचं, ‘कंटिन्यू’, ‘येस’, पासवर्ड, रीबूट. इथला कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो, त्यामुळे पासवर्डमध्ये जागा बदलणारी चिन्हं घालू नयेत. साधी अक्षरं आणि आकडे पुरे.

या वेळी ‘मोडप्रोब’ काहीच बोललं नाही, आणि लिनक्समध्ये काहीच न बोलणं म्हणजे होकार. कर्नलच्या लॉगमध्ये एनव्हिडियाच्या मॉड्युलमुळे कर्नल ‘टेंट’ झाल्याची ओळ आली. ती वाचून घाबरणारे लोक मी पाहिलेत. ती चूक नाही. बंद परवान्याचं मॉड्युल आत आलंय, पुढे काही बिघडलं तर कर्नलवाल्यांकडे तक्रार नेताना हे लक्षात असू द्या, एवढीच नोंद.

एनव्हिडिया-एसएमआय आता वेगळं बोललं. ड्रायव्हर आणि लायब्ररी यांच्या आवृत्त्या जुळत नाहीत. मला खरंतर बरं वाटलं. संदेश बदलला म्हणजे आपण एक पायरी पुढे सरकलो. आणि या तक्रारीला कर्नलच्या लॉगमध्ये जोडीदार असतो, ‘एपीआय मिसमॅच’ नावाची ओळ, जिच्यात दोन्ही आकडे लिहिलेले असतात. मॉड्युल ५३५ चं, त्याला हाक मारणारी लायब्ररी ५२५ ची.

पण ५२५ मी टाकलेलंच नव्हतं. पॅकेजांच्या यादीतही नव्हतं. कंपनीच्या थेट इन्स्टॉलरचे अवशेष असते तर डेबियनचं पॅकेज बसतानाच हटकतं आणि साफसफाई करू का विचारतं. तसंही काही झालं नव्हतं. चालू प्रोग्रॅमला कोणती लायब्ररी कुठून मिळते ते ‘एलडीकॉन्फिग’ला ‘पी’ देऊन कळतं. यादीत एनव्हिडियाच्या लायब्रऱ्या दोन-दोनदा होत्या. एक नेहमीच्या जागी, दुसरी ‘ऑप्ट’खालच्या एका फोल्डरात. कधीतरी कोणता तरी प्रोग्रॅम चालावा म्हणून ५२५ च्या लायब्रऱ्या हाताने तिथे उघडून ठेवलेल्या आणि तो पत्ता ‘एलडी-एसओ-कॉन्फ-डी’ फोल्डरमध्ये एका छोट्या फाइलीत नोंदवलेला. असे नोंदवलेले पत्ते नेहमीच्या जागेच्या आधी बघितले जातात. त्यामुळे नवी लायब्ररी बसूनही हाक जुनीलाच जात होती. मित्राला या वेळी फोन केला नाही. फाइल काढली, फोल्डर दुसरीकडे हलवला, ‘एलडीकॉन्फिग’ पुन्हा चालवलं.

तक्ता आला. कार्डाचं नाव, तापमान, मेमरी, ड्रायव्हरची आवृत्ती. ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिमखाली कुडा आणि ऑप्टिक्स (कार्डावर रेंडर करायच्या एनव्हिडियाच्या दोन सोयी) दोन्हीपुढे कार्ड दिसलं. ऑप्टिक्स निवडून एक दृश्य रेंडर केलं आणि ज्यासाठी प्रोसेसर घाम गाळत होता ते मी बघता बघता झालं.

जीएलएक्सइन्फो मात्र अजून इंटेलच दाखवत होतं. हा बिघाड नाही, हे सांगायला हवं, कारण इथवर आलेले लोक इथे सगळं उपटून पुन्हा सुरुवात करतात. दोन चिपांच्या लॅपटॉपमध्ये स्क्रीन बहुधा इंटेलच्या चिपला जोडलेली असते. डेस्कटॉप तीच काढते, मोठं कार्ड झोपलेलं राहतं आणि बॅटरी वाचते. एखादा प्रोग्रॅम मोठ्या कार्डावर काढून घ्यायचा तर त्याला दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सुरू करताना बाहेरून द्यायच्या सेटिंग) देऊन सुरू करायचं: एक प्राइम रेंडर ऑफलोड चालू करणारं, दुसरं जीएलएक्ससाठी एनव्हिडियाची लायब्ररी निवडणारं. ही सोय ड्रायव्हरच्या ४३५ मालिकेपासून, २०१९ मध्ये आली. त्याआधी लोकांनी यासाठी जे खटाटोप केलेत ते आठवले तरी अंगावर काटा येतो. मी ती दोन व्हेरिएबलं एका छोट्या स्क्रिप्टमध्ये घालून ठेवली. कुडा आणि ऑप्टिक्सला त्यांचीही गरज नसते. ते थेट कार्ड गाठतात.

आणि कार्ड खरंच झोपतंय का ते एनव्हिडिया-एसएमआय चालवून बघू नका. ते विचारण्यासाठीच कार्डाला उठवतं. ‘सिस’ फोल्डरमध्ये कार्डाच्या पीसीआय पत्त्याखाली ‘रनटाइम स्टेटस’ नावाची फाइल असते. तिच्यात ‘सस्पेंडेड’ दिसलं की झोपलंय.

एक गोष्ट उरली होती. लॅपटॉप झोपवून उठवला की ब्लेंडरच्या विंडोत रंगांचे चौकोनी तुकडे पसरायचे. झोपताना कार्डाच्या मेमरीतला मजकूर जपला जात नव्हता. त्यासाठी मॉड्युलला व्हिडिओ मेमरी जपण्याचा पर्याय द्यायचा आणि ड्रायव्हरसोबतच्या सस्पेंड, रिझ्यूम या सिस्टिमडी सेवा चालू करायच्या. हा पर्याय मॉड्युल चढतानाच वाचला जातो, म्हणून इनिट्रामएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या मॉड्युलांचा गठ्ठा) नव्याने बनवून रीस्टार्ट केलं. चौकोन गेले.

मध्यंतरी ड्रायव्हरचं अपडेट आलं आणि काम चालू असतानाच आवृत्ती जुळत नसल्याची ती तक्रार परत उगवली. या वेळी ‘ऑप्ट’मध्ये काही नव्हतं. डिस्कवरच्या लायब्रऱ्या नव्या झाल्या होत्या, मेमरीतलं मॉड्युल जुनंच चालू होतं. रीस्टार्ट केलं आणि संपलं. कर्नलचं अपडेट आलं तर मात्र रीस्टार्टच्या आधी ‘डीकेएमएस स्टेटस’ बघतो. नव्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ नसेल तर मेक-लॉग उघडतो, आणि तोवर आधीचं कर्नल ग्रबमध्ये राहू देतो.